चार गोल काचा

४ जून

भाचीबाई,

आशीर्वाद घे आणि सावकाश वाच, कारण यात गणित आहे. मामा फोन का उचलत नाही म्हणून तू ताईकडे तक्रार केलीस असं कळलं. फोनवर चिन्हं दिसत नाहीत. मी 'छेद' म्हणायचं आणि तू तिकडे काय लिहून घेशील ते मला कसं कळणार? म्हणून पत्र.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत मी रविवारी मोठ्या माणसांचा वर्ग घेतो, हे तुला ठाऊक आहे. बसचालक आहे, शिलाईवाली आहे, न्हावी आहे, आणखी सहासात जण येतात. शाळेत ज्यांना गणिताने हाकलून दिलं ती सगळी माणसं. त्यांना मी संच शिकवतो. दोन संचांचा संयोग म्हणजे 'यात किंवा त्यात', छेद म्हणजे 'यात आणि त्यातही'. एवढ्या दोन शब्दांवर शिलाईवाली आता मला अडवायला लागली आहे.

हेच कमिटीच्या डोळ्यावर आलं. चिटणीस म्हणजे आपले निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या चष्म्याच्या काचा मीच घासून देतो, तेव्हा माझ्या हाताबद्दल त्यांना शंका नाही. शंका डोक्याबद्दल आहे. परवा दुकानात आले आणि काउंटरवर कोपर टेकून म्हणाले, "तुमच्याकडे पदवी नाही. उद्या कोणी विचारलं तर आम्ही काय उत्तर द्यायचं?"

मी म्हटलं, "विचारणाऱ्याला माझ्याकडे पाठवा."

शेवटी अट ठरली. महिन्याअखेरच्या सभेत मी फळ्यावर एक सिद्धता करून दाखवायची. टिकली तर वर्ग माझा. नाही टिकली तर पदवीवाला माणूस येणार आणि मी घरी बसणार. सिद्धता कोणती ते मी निवडायचं.

मग पुस्तकातलं कशाला निवडू? माझं स्वतःचं सूत्र आहे. अ, ब, क, ड असे कुठलेही चार संच घे.

(अ ∪ ब) ∩ (क ∪ ड) = (अ ∩ ड) ∪ (ब ∩ क)

कसं सापडलं ते ऐक. चष्म्याची काच आमच्याकडे येते तेव्हा गोल असते, फ्रेमच्या मापाने आम्ही ती कापतो. अशा चार रंगीत गोल काचा घेतल्या. खालून दिवा लावलेली पांढरी पेटी आहे, काचेत चरा पडलाय का ते बघायची. तिच्यावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांत ठेवल्या, एकमेकींवर सरकवून, अ-ब-क-ड अशा फेर धरल्यासारख्या. प्रत्येक तुकड्याचा रंग वेगळा दिसतो. डावी बाजू तुकड्या-तुकड्याने मोजली, उजवी मोजली. तेच तुकडे. एकही कमी नाही, जास्त नाही.

कमिटीला मी सांगितलंय, खात्री करायची तर माझ्या भाचीच्या विद्यापीठात पाठवा. तुझी मान ताठ होईल असं वाटलं.

मामा


१० जून

ती. मामा,

नमस्कार. आईचं गुडघ्याचं दुखणं बरं आहे असं ती फोनवर म्हणाली. मीही बरी आहे, फक्त प्रबंधाचं प्रकरण तिसऱ्यांदा परत आलंय.

पत्र वाचलं. रंगीत काचांची कल्पना फार आवडली, खरंच. पण एक विचारू का? सभेत तुम्ही तीन संचांचं घ्याल का? तुम्ही मला आठवीत शिकवलं होतं ते. अ मधून ब आणि क यांचा संयोग काढला काय, किंवा अ मधून ब काढून, अ मधून क काढून, दोन्हींचा छेद घेतला काय, एकच. ते सुंदर आहे, आणि तुम्ही ते छान समजावता. नवीन काही करून दाखवायची अट त्यांनी घातलेली नाही ना?

दुसरं म्हणजे, मामा, आकृती हा पुरावा धरत नाहीत. दोन संच सारखे आहेत हे दाखवायचं तर एक घटक घ्यायचा, त्याला डावीकडून उजवीकडे चालवायचं. मग दुसरा घ्यायचा आणि त्याला उजवीकडून डावीकडे चालवायचं. दोन्ही वेळा पोचला तर बरोबरीचं चिन्ह. तुम्ही एकदा तसं चालून बघाल का?

आणि कमिटीशी थोडं नमतं घेतलं तर काय बिघडतं? वर्ग चालणं महत्त्वाचं.

तुमची,
बारकी


१४ जून

भाचीबाई,

आठवीचं सूत्र. म्हणजे मामाने आठवीच्या पुढे जायचं नाही, असंच ना? चिटणीस तोंडावर बोलले ते तू लिफाफ्यात घालून पाठवलंस, वर आईच्या गुडघ्याची खबर.

आकृती पुरावा नाही म्हणे. तीसेक वर्षं माझं पोट डोळ्यांवर चाललंय. केसाएवढा चरा मी दिव्यावर धरून सांगतो आणि लोक तो मान्य करतात. तुमच्या विद्यापीठात डोळे बाहेर काढून ठेवायला कपाट दिलंय का?

तरी तू म्हणालीस म्हणून चाललो. घे.

समज क्ष हा घटक (अ ∩ ड) ∪ (ब ∩ क) मध्ये आहे. म्हणजे तो अ आणि ड या दोन्हींत आहे, किंवा ब आणि क या दोन्हींत. पहिलं असेल, तर अ मध्ये आहे म्हणून अ ∪ ब मध्ये आला, ड मध्ये आहे म्हणून क ∪ ड मध्येही आला. दुसरं असेल, तर ब मुळे अ ∪ ब मध्ये आला आणि क मुळे क ∪ ड मध्ये. दोन्ही प्रकारे तो (अ ∪ ब) ∩ (क ∪ ड) मध्ये पोचला. यात कुठे काच नाही, रंग नाही. दिवासुद्धा बंद होता.

एका बाजूने चाललो, पोचलो. दुसरी बाजू कशाला? ज्या रस्त्याने माणूस जातो त्याच रस्त्याने परत येतो. बसचालकाला विचार.

नमतं घ्यायचं म्हणतेस. नमतं घेतलं असतं तर मी आजही दुसऱ्याच्या दुकानात काचा पुसत असतो, आणि तुझ्या आईने तुला गणिताला घातलंच नसतं. घरात तेव्हा कोण भांडलं ते तिला विचार.

सभेत हेच सूत्र. ठरलं.

मामा


१८ जून

मामा,

रागावून लिहिलंत ते बरं झालं. आता मलाही सरळ लिहिता येईल.

सूत्र खोटं आहे.

तुम्ही चाललात ती बाजू अगदी बरोबर आहे, एक शब्द बदलायला नको. पण परतीचा रस्ता नाही. अ म्हणजे चहा पिणारे. ब म्हणजे कॉफी पिणारे. क म्हणजे चष्मा लावणारे. ड म्हणजे मिशीवाले. आता माझी आई घ्या. चहा पिते, चष्मा लावते. म्हणजे 'चहा किंवा कॉफी' यात ती आहे, 'चष्मा किंवा मिशी' यातही आहे. डावी बाजू झाली. उजव्या बाजूला काय लिहिलंय? एक तर चहा आणि मिशी, नाहीतर कॉफी आणि चष्मा. कॉफीचा तिला वास सहन होत नाही. मिशीबद्दल तुम्ही तिच्यासमोर बोलून दाखवा.

तुमच्या सूत्रात आईला जागा नाही, मामा.

तुमच्या डोळ्यांनी दगा दिला असं मी म्हणत नाही. काचांनी दिला. चार संचांचे सोळा तुकडे व्हायला हवेत, बाहेरचा मोकळा भाग धरून. चार वर्तुळं कशीही ठेवली तरी चौदाच्या वर जात नाहीत. तुमच्या मांडणीत अ आणि क समोरासमोर आहेत. फक्त त्या दोघांचा असा तुकडा तिथे बनतच नाही, तसाच ब आणि ड यांचा. आई नेमकी त्या न बनलेल्या तुकड्यात बसते. दिसणार कशी?

आणखी एक गोष्ट पहिल्या पत्रातच सांगायला हवी होती. कमिटीचं पत्र इथे आलंय. तुमचं पहिलं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. आमच्या सरांनी ते माझ्याकडे सरकवलं, "याला उत्तर दे" म्हणाले. हे माझे मामा, असं मी त्यांना सांगितलं नाही. मी गप्प बसले आणि तुम्हाला आठवीचं सूत्र घ्या म्हणत राहिले, की निदान माझं उत्तर जायच्या आत तुम्ही ते बदलाल.

सरांनी उत्तराचं वाक्यही सांगितलंय: 'संबंधित व्यक्तीस विषयाचे प्राथमिक ज्ञान नसल्याचे दिसून येते.' खाली सही माझी. त्यांच्या सहीशिवाय माझं प्रकरण पुढे जात नाही, त्यामुळे नाही म्हणायची हिंमत झालेली नाही. पत्र अजून टेबलावर आहे.

तुम्ही सूत्र मागे घेतलंत तर उत्तर द्यायचीच गरज उरणार नाही. घ्याल का?

बारकी


२३ जून

बारके,

तुझं पत्र आलं त्या दिवशी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. गिऱ्हाइकांना वाटलं कोणी आजारी आहे.

आधी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. पेटीवर चारही गोल काचा घेऊन बसलो. सरकवल्या, लहान-मोठ्या घेऊन बघितल्या, एकीला दुसरीच्या पोटात घातलं. अ आणि क यांचा एकट्यांचा तुकडा काढावा तर दुसरीकडचा कुठला तरी नाहीसा होतो. चौदा. घासायच्या चाकावर एकीची कड खाल्ली तरी ती गोलच, चौदाच. शेवटी हात टेकले.

मग शेल्फवर वाचायच्या चष्म्याच्या कापून तयार असलेल्या काचा दिसल्या. त्या अरुंद, लांबट, अंड्यासारख्या. त्यांतल्या चार रंगीत काढल्या आणि पंख्याच्या पात्यांसारख्या तिरक्या एकमेकींवर टाकल्या. सरकवत सरकवत गेलो. बारके, सोळा. दोनदा मोजले, मग शिलाईवालीला बोलावून तिच्याकडून मोजून घेतले. आणि तिथे, खालच्या बाजूला, पिवळा आणि निळा मिळून हिरवा तुकडा, त्यावर तिसरी काच नाही, चौथी नाही. तीच ताई. डाव्या बाजूत आहे आणि उजव्या बाजूत नाही. दिसली.

तेव्हा लिहून ठेव: आकृती चुकली नव्हती, गोल काच चुकली. डोळ्यांवरचा माझा विश्वास मी मागे घेत नाही. पण पुढच्या वेळी आधी चालणार, मग बघणार. दोन्ही बाजूंनी चालणार. पाच संच झाले, सहा झाले, तर किती काचा कापत बसू?

(सहाला लांबट काचा पुरतील का? उत्तर कळव.)

आता मुद्द्याचं. सूत्र मी मागे घेणार नाही. मागे घेतलं की ते खरं होतं की खोटं हे कोणालाच कळणार नाही, एवढंच कळेल की मी शेपूट घातली. सभेत मी तेच सूत्र फळ्यावर लिहिणार आणि ते खोटं आहे हे सिद्ध करणार. अट 'सिद्धता टिकली पाहिजे' अशी आहे. ही टिकेल.

तू उत्तर लिही. सूत्र खोटं आहे असं ठणकावून लिही. मामाची भीड धरलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. पण ते 'प्राथमिक ज्ञान नाही' कुठून आलं? मला कोणी तपासलं? एका सूत्रावरून माणसावर जायला रस्ता आहे का ते तू चालून बघितलंस? तुझ्या सरांनाही हा प्रश्न विचार. मी सांगतो म्हणून नको. जे तू तपासलं नाहीस त्याखाली तुझी सही जाऊ नये म्हणून.

प्रकरण अडेल म्हणतेस. अडेल. माझा वर्गही अडेल. आपण दोघं अडलेले बरे.

मामा


२६ जून

मामा,

सहाला पुरत नाहीत. पाचाला जमतं.

सरांकडे गेले. सांगितलं की पत्रातली व्यक्ती माझे मामा आहेत आणि ते वाक्य मी लिहिणार नाही. ते म्हणाले, "मामा आहेत म्हणूनच." मी म्हटलं, "मामा आहेत म्हणून सूत्र खोटं आहे हे मी पहिल्या ओळीत लिहिलंय. व्यक्तीबद्दल आपल्याला कोणी विचारलेलं नाही." मग म्हणाले, "तुमच्या घरात हे आनुवंशिक आहे का?" मी हो म्हटलं.

माझं प्रकरण चौथ्यांदा परत आलं. ठीक आहे, तिसऱ्या पानावर खरंच एक पायरी राहिली होती.

कमिटीला पाठवलेलं उत्तर असं: सूत्र सर्वसाधारणपणे खोटं आहे. पुढे उदाहरण (आईचं नाव घातलं नाही). उजवीकडून डावीकडे ते बरोबर आहे आणि त्यांनी मला लिहून पाठवलेली त्याची सिद्धता निर्दोष आहे. चार वर्तुळांच्या आकृतीवर विसंबणाऱ्या कोणाचीही हीच चूक होईल. खाली सही, माझी एकटीची.

हे वाचून ते वर्ग बंद करतील, मामा. मला दुसरं काही लिहिता येत नव्हतं.

बारकी


३ जुलै

बारके,

सभा झाली. क्रमाने सांगतो, कारण ताई फोनवर तुला उलटसुलट सांगेल. ती आली होती.

मी सूत्र फळ्यावर लिहिलं आणि म्हटलं, "हे माझं आहे आणि हे खोटं आहे." चिटणीसांचा हात खिशात होता, तुझं पत्र काढायला. तो तिथेच राहिला. मी चहा, कॉफी, चष्मा, मिशी मांडलं. नाव घ्यायच्या आधीच ताई पहिल्या रांगेतून म्हणाली, "कोणाबद्दल चाललंय ते मला कळतंय, पुढे बोल." लोक हसले, पण कोपऱ्यातला बसचालक हसला नाही. तो म्हणाला, "एक बाई बसली नाही म्हणून अख्खं सूत्र खोटं?" शिलाईवालीने मागे वळून त्याला सांगितलं, "सगळ्यांसाठी आहे म्हणालं की एकही सुटून चालत नाही. तुमच्या बसमध्ये चालतं वाटतं." मग उजवीकडून डावीकडची, बरोबर असलेली सिद्धताही मी करून दाखवली.

चिटणीस उठले. तुझ्या पत्राची पहिली ओळ वाचली, 'सूत्र सर्वसाधारणपणे खोटं आहे', आणि कागदाची घडी घालायला लागले. मला वाटलं संपलं. पण त्यांनीच घडी उलगडली, चष्मा सारखा केला आणि शेवटपर्यंत वाचलं. सहीसकट. एवढं मला त्यांच्या नावावर जमा केलं पाहिजे. हेडमास्तर आहेत, अर्धं वाचून सोडणं त्यांना जमलं नाही.

नंतर म्हणाले, "अट अशी होती की सूत्र सिद्ध व्हावं. तुम्ही ते खोटं ठरवलंत."

"अट सिद्धतेची होती. सिद्धता टिकली की नाही?"

"टिकली."

"मग?"

"मग कमिटी मत घेईल."

मत घेतलं. एक सोडून सगळे हात वर्ग बंद करायला. चिटणीसांचाही. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. मग त्यांनी मला बाजूला घेतलं. पदवीवाला माणूस ठरलाय, त्याच्या हाताखाली मी मदतनीस म्हणून बसावं. फक्त एक कागद सही करून द्यायचा, की मी विषय शिकवण्यास पात्र नाही. "नुसती औपचारिकता आहे," म्हणाले, "वर्ग तरी बघायला मिळेल तुम्हाला."

तुझं 'नमतं घेतलं तर काय बिघडतं' मला आठवलं. खरं सांगतो, क्षणभर मोह झाला. रविवारी तिथे जायला मिळालं असतं.

मी म्हटलं, "माझं सूत्र खोटं होतं, ते मी फळ्यावर लिहून खोटं ठरवलं. या कागदावरचंही खोटं आहे, मग त्यावर सही कशी करू? खोली तुमची, फळा तुमचा, खडूही तुमचे. ठेवा. माणसं विचारून घ्या."

किल्ली टेबलावर ठेवली आणि खाली उतरलो. मागे जिन्यावर पावलं वाजत होती. किती ते वळून बघितलं नाही, कोणी नसतं तर पंचाईत झाली असती. खाली रस्त्यावर पोचल्यावर बघितलं. न्हावी आला नव्हता. बाकी सगळे होते, आणि ताई गुडघा धरून सगळ्यांच्या मागे.

काल रविवारी वर्ग माझ्या दुकानात भरला. फळा नाही, म्हणून दर्शनी काचेवर लिहिलं. आमच्याकडे काचेवर खूण करायची पांढरी पेन्सिल असते, हाताने पुसता येते. चष्म्याच्या फ्रेमा एका बाजूला सारल्या आणि आतून मांडलं:

(अ ∪ ब) ∩ (क ∪ ड) = (अ ∩ क) ∪ (अ ∩ ड) ∪ (ब ∩ क) ∪ (ब ∩ ड)

हे खरं आहे. दोन्ही बाजूंनी चालून झालंय माझं, तरी तू चाल. ताईला यात जागा आहे. वर्गात मात्र मी उत्तर सांगितलं नाही. डावीकडून उजवीकडे शिलाईवालीने न्यायचं ठरलं होतं. ती विचार करत उभी, तोवर मी वळणाच्या जागा दाखवायला, एकेका फाट्याची एक, अशा चार ओळी लिहिल्या.

तेवढ्यात बाहेरून काचेवर टकटक झाली. चिटणीस. रविवारचे फिरायला निघालेले असावेत, हातात भाजीची पिशवी. बाहेरून त्यांना सगळं उलटं दिसत होतं, तरी वाचत होते, ओठ हलत होते. मग काचेवर बोट ठेवलं. तिसऱ्या ओळीवर. आणि मान हलवली, ही ओळ चुकली म्हणून.

मी दार उघडलं. म्हटलं, "इथे बाहेरून बोट दाखवायची सोय नाही. आत यायचं, पेन्सिल घ्यायची, आणि चुकलात तर सगळ्यांसमोर चुकायचं."

थोडा वेळ रस्त्याकडे बघत उभे राहिले. मग पिशवी दाराशी ठेवली, आत आले आणि पेन्सिलीसाठी हात पुढे केला.

मी दिली नाही. म्हटलं, "बसा. आधी शिलाईवालीचा नंबर आहे."

मामा